गव्हाची बरणी, संत्र्याची बरणी

पिठात पडलेला लाल ठिपका पहिल्यांदा दिसला तो शिवणकाम करणाऱ्या बाईंना. सकाळची वेळ होती, गिरणी भरात होती, पट्टा सपसप फिरत होता आणि त्यांच्या डब्यात गव्हाच्या पिठाची ऊन ऊन धार पडत होती. पीठदादा नेहमीसारखे धारेखाली हात धरून पीठ चिमटीत चोळून बघत होते. बाई म्हणाल्या, "दादा, ते लाल काय पडलं?"

पीठदादांनी वाकून पाहिलं. पिठात एक थेंब, त्याच्या शेजारी दुसरा, कडेचं पीठ ओढून घेऊन गोळी झालेला. गव्हातून काही कचरा आला असेल म्हणून ते बोटाने उचलायला गेले, तेवढ्यात तिसरा थेंब त्यांच्या देखत त्यांच्याच मनगटावरून खाली पडला.

मनगटावर तिथे एक जुना व्रण होता. ऐन तरुणपणी गिरणीच्या पट्ट्यात हात सापडला होता, त्याची खूण. जखम केव्हाच भरली होती. इतकी जुनी, की लग्नानंतर बायकोने ती पाहून चौकशी केली तेव्हाही तिथे नुसता पांढरा, गुळगुळीत दोरा उरला होता. तो दोरा आता मधोमध उघडला होता. हात कुठे आपटला नव्हता, कुठे घासला नव्हता. बाई जवळ येऊन बघत राहिल्या. "शिवण उसवावी तसं उसवलंय हो," त्या हळूच म्हणाल्या. शिवण कशी उसवते हे त्यांच्याइतकं त्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

दादांनी गिरणी बंद केली. अर्ध्या दळणावर गिरणी बंद करणं त्यांच्या हिशेबी दुसऱ्याच्या ताटावरून त्याला उठवण्यासारखं होतं, आणि आजवर त्यांनी ते कधी केलं नव्हतं. खराब झालेलं सगळं पीठ त्यांनी टाकून दिलं, स्वतःच्या पिंपातलं पीठ बाईंच्या डब्यात भरलं, हात फडक्यात गुंडाळला आणि पोत्यावर टेकले. टेकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला उठता येत नाहीये.

पीठदादा हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानांच्या पाळ्यांवर पीठ, आणि या सगळ्यातून बघणारे दोन काळेभोर डोळे. संध्याकाळी ते आंघोळ करून बाहेर पडले की नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही ओळख पटायला क्षणभर लागायचा. माणूस मोठा नेटका. गिरणीच्या दगडांना टाकी लावायची तर दुसऱ्याला हात लावू देत नसत. छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला खाचा पाडायला स्वतः बसत. पीठ कुणाला जाडं लागतं, कुणाला बारीक, कुणाच्या सासूला कसं आणि सुनेला कसं, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. बोलायला गोड, पण एका विषयावर त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. तो विषय म्हणजे दाणा.

"दाणा म्हणजे साठवलेलं जेवण," ते म्हणायचे. "आणि फळ म्हणजे रंग दिलेलं पाणी."

हे ते नुसतं बोलून थांबत नसत, सिद्ध करून दाखवत. गिरणीच्या कोपऱ्यात त्यांचा जुना पितळी तराजू टांगलेला होता. नवा माणूस दळण घेऊन आला आणि त्याने फळाचं नाव काढलं की पीठदादा एका पारड्यात संत्रं ठेवायचे आणि दुसऱ्यात त्याच्या तोलाचे गहू. पारडी समान झाली की संत्र्याच्या चकत्या करून त्या आणि तेवढेच गहू गिरणीच्या तापलेल्या पत्र्यावर वाळत घालायचे. काही दिवसांनी तो माणूस पुन्हा आला की दोन्ही खाली आणून पुन्हा पारड्यांत टाकायचे. गहू होते तसेच. संत्र्याच्या मात्र चार सुकलेल्या टिकल्या, आणि त्यांचं पारडं वर गेलेलं. मग दादा भुवया उडवून विचारायचे, "बाकीचं गेलं कुठे? हवेत. म्हणजे तुम्ही पैसे देऊन हवा घेतलीत."

जिंकलेला माल दोन काचेच्या बरण्यांत भरून फळीवर मांडलेला असे. एक बरणी गव्हाची, टपोरी, सोन्यासारखी. दुसरी वाळलेल्या संत्र्यांची, काळपट. अनेक वर्षांची संत्री त्या एका बरणीत मावली होती, आणि तिचा दादांना केवढा अभिमान.

या सगळ्याला खरी धार यायची ती समोरून. कारण रस्त्याच्या पलीकडे, ताडपत्रीखाली, फळांचा गाडा लावून बसायची ती त्यांची सख्खी धाकटी बहीण. केस पिकले तरी दादा तिला छोटीच म्हणत. पीठदादांचा खेळ सुरू झाला की ती तिथूनच ओरडून विचारायची, "दादा, तुझी पेजही एकदा पत्र्यावर वाळव की. बघू किती उरते." गिऱ्हाइकं हसायची. दादा म्हणायचे, पेजेत पाणी आपण घालतो, तुझ्या फळात देवच भेसळ करून पाठवतो. मग ती म्हणायची, वहिनीला विचारते, देव बरा की दादा. आणि आत गिरणीमागच्या खोलीत, चुलीपाशी, दादांची बायको गालातल्या गालात हसत असायची. ती या वादात कधी पडली नाही. कमी बोलणारी बाई. दोघंही आपलीच, असं म्हणून भाजी चिरत राहायची.

दादा स्वतः जेवत काय, तर पेज. सकाळी पातळ, दुपारी घट्ट, रात्री त्याहून घट्ट. सोबत बायको काही ना काही हिरवं-पिवळं वाढायची. ते दादा ताटाची शोभा समजून कडेला सारायचे. तब्येत लोखंडासारखी. गव्हाचं पोतं एका दमात मांडीवर आणि तिथून खांद्यावर. लग्नानंतर एक दिवसही मी अंथरुणात काढला नाही, हे वाक्य त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकवलेलं होतं आणि ते खरंही होतं. पुरावा म्हणून ते गव्हाच्या बरणीवर बोटाने टकटक करायचे.

मग मागच्या उन्हाळ्यात बायको गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

लेक दुसऱ्या गावी पोस्टात कामाला. ती महिनाभर राहिली, चला माझ्याकडे म्हणाली, पण दादा गिरणी सोडून जाणारे नव्हते. ती गेल्यावर ते स्वतः चुलीपाशी उभे राहिले. भाजी त्यांना येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. पेज येत होती. तेच गहू, तेच पाणी, तेवढंच मीठ. पण पहिल्याच घासाला त्यांच्या लक्षात आलं, ही ती पेज नव्हे. चव कुठेतरी मरून गेली होती. त्यांनी मीठ वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, गहू भाजून पाहिले. मग त्यांनी मनाशी ठरवलं, माणूस गेलं की जिभेचंही काहीतरी जातं. असेल तसंच. याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत, आणि तीच बेचव पेज सकाळ-दुपार-रात्र खात राहिले.

छोटी रोज एक संत्रं पाठवायची. कुणी दळण घेऊन पलीकडे निघालं की त्याच्या हाती द्यायची. दुःखात असलेल्या भावाला बहिणीने दुसरं काय द्यावं. दादा ते घ्यायचे आणि खाण्याऐवजी चकत्या करून पत्र्यावर टाकायचे, कारण तेवढाच एक जुना खेळ उरला होता. एके दिवशी दुकानात चारपाच गिऱ्हाइकं असताना त्यांनी त्या वाळलेल्या चकत्या तराजूत टाकल्या, भुवया उडवल्या आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, बहिणीची माया. वाळवली की एवढीच."

लोक हसले. छोटी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून संत्रं आलं नाही, आणि पलीकडून आवाजही आला नाही. दादांना चुकल्यासारखं वाटलं. पण रस्ता ओलांडून जायचं आणि काय म्हणायचं, हे त्यांना सुचेना. हिवाळा असाच गेला.

आणि हिवाळाभर त्यांच्या अंगात काहीतरी चालू होतं. दात घासताना थुंकीत लाल यायचं. पोतं मांडीवर टेकवलं की तिथे जांभळा डाग उठायचा, हाताएवढा, आणि जायचं नाव घ्यायचा नाही. गुडघे भरून यायचे. जिना चढताना धाप लागायची. दादांनी हे सगळं वयाच्या खात्यावर टाकलं आणि पायजम्याचे पाय लांब ठेवले. उपाय म्हणून पेज आणखी घट्ट केली.

शिवणकामवाल्या बाईंनी लेकीला फोन केला. लेक दुपारच्या गाडीने आली, बापाचे पाय पाहिले आणि रिक्षा बोलावून त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. रक्त काढलं. जिथे सुई टोचली तिथे बशीएवढं काळंनिळं झालं. नवा, तरुण डॉक्टर आला, हिरड्या पाहिल्या, डाग पाहिले, व्रण पाहिला, आणि लेकीला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला. दाराच्या काचेतून दादांना लेकीची पाठ दिसत होती. ती ताठ होती. मग एकदम, पोत्याची दोरी सुटावी तशी, सैल झाली.

ती आत आली तेव्हा हसत होती. दादांनी जन्मभर पीठ चिमटीत ओळखलं होतं. लेकीचं हसू खोटं आहे हे ओळखायला त्यांना चिमटीचीही गरज लागली नाही.

"रक्ताचं आहे का काही?" त्यांनी विचारलं.

"तपासायचंय बाबा. उद्या हाडातून पाणी काढणार आहेत."

"कर्करोग?"

लेक उशीचा अभ्रा सरळ करत राहिली. तो आधीच सरळ होता.

दादा छताकडे बघत पडून राहिले. त्यांना मरणाचं तेवढं वाटलं नाही. बायको गेल्यापासून त्या दाराची भीती कमी झाली होती. त्यांना धक्का बसला तो वेगळाच. दाण्यावर वाढलेलं शरीर आतून सडतंच कसं? माती चांगली, बी चांगलं, आणि पीक असं? लेकीला त्यांनी जवळ बोलावून सांगितलं की गिरणी ज्याला द्यायची त्याला द्या, पण दगडाला टाकी लावता येते का हे आधी बघा. लेकीने मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हाडात सुई घालायच्या आधी, मोठ्या डॉक्टरबाई फेरीवर आल्या. पिकलेले केस, चष्मा कपाळावर सरकवलेला, पायांत कापडी बूट. त्यांनी कागद पाहिले, मग कागद बाजूला ठेवून दादांकडे पाहिलं आणि विचारलं, "काल काय जेवलात?"

"पेज."

"परवा?"

"पेज."

"आणि त्याच्या आधी?"

इतक्या दिवसांनी कुणी योग्य प्रश्न विचारला म्हणून दादांना हुरूप आला. उशीला टेकून त्यांनी दाण्याचं महत्त्व सांगायला घेतलं. पारडी सांगितली, पत्रा सांगितला, बरण्या सांगितल्या. तरुण डॉक्टर घड्याळ बघत होता. डॉक्टरबाईंनी मात्र स्टूल ओढून घेतलं आणि सगळं ऐकलं, अगदी संत्र्याच्या टिकल्यांपर्यंत. मग त्यांनी दादांचा पायजमा वर सरकवला, भिंग मागवलं आणि त्यांच्या नडगीवरचे केस पाहिले. लेकीलाही दाखवले. एकेक केस स्प्रिंगसारखा वळला होता आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक लालबुंद ठिपका होता.

"सुई राहू दे," त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या. "हा कर्करोग नाही. हा रोग मी पुस्तकात वाचलाय. एवढ्या वर्षांत माणसात पहिल्यांदा बघतेय."

लेकीने खाटेची कड धरली.

पूर्वी खलाशांना व्हायचा हा आजार, डॉक्टरबाईंनी सांगितलं. महिनोन्‌महिने समुद्रावर, सोबत वाळलेलं धान्य आणि खारवलेलं मांस, पोट भरलेलं, आणि तरी हिरड्यांतून रक्त यायचं, पाय काळे पडायचे, माणसं मरायची. फळात, हिरव्या भाजीत एक जीवनसत्त्व असतं, क म्हणतात त्याला. ते बरेच महिने मिळालं नाही की हे होतं.

"म्हणजे मी उपाशी आहे, असं म्हणताय?" दादांनी विचारलं. "मी गिरणीवाला आहे, बाई. मी आख्ख्या गल्लीला खायला घालतो."

"पोटभर जेवून उपाशी आहात."

तरुण डॉक्टर आता घड्याळ बघत नव्हता. लेक खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती रडते आहे की हसते आहे हे कुणालाच कळेना, बहुधा तिलाही.

डॉक्टरबाईंनी दादांना खोटं पाडलं नाही, हे खरं तर अधिक वाईट झालं. दोन्ही सारख्या वजनाचे घेतले तर गव्हात ताकद कितीतरी पट जास्त, त्या म्हणाल्या. प्रथिनं संत्र्यात नावाला, गव्हात भरपूर. लोहाचंही तेच. फळ बहुतेक पाणीच असतं, हेही तुमचं बरोबर. फक्त ही एक गोष्ट संत्र्यात आहे आणि वाळलेल्या दाण्यात शून्य.

"शून्य म्हणजे अगदी थोडं?"

"शून्य म्हणजे शून्य."

दादांनी मनगटावरची पट्टी चाचपली. मग त्यांनी विचारलं की असं किती लागतं ते रोज.

डॉक्टरबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. गिरणी बंद होऊन एक दिवस झाला तरी भुवयांच्या मुळांशी पीठ होतंच. "तुमच्या भुवईत आत्ता जेवढं पीठ अडकलंय ना, तेवढंही नाही. तुमच्या तराजूला ते कळणारच नाही. आणि उन्हात वाळवलं की बहुतेक उडूनच जातं."

मग जुना व्रण का उघडला, हे लेकीने विचारलं. जखम एकदा भरली की कायमची भरली असं आपल्याला वाटतं, बाई म्हणाल्या, पण तसं नसतं; शरीर ती जागा रोज थोडी थोडी नव्याने विणत असतं. विणायला लागणारा धागा या जीवनसत्त्वाशिवाय तयार होत नाही. धागा संपला, शिवण उसवली.

दादांनी एक शेवटचा प्रयत्न केला. दाण्यात ते कधीच येत नाही का? येतं, बाई म्हणाल्या. गहू भिजवले, त्यांना मोड आले की त्या मोडात येतं. दादांनी डोळे मिटून घेतले. ओल लागून मोड आलेलं धान्य गिरणीत घालायचं नसतं, दगडाला चिकटतं. अशी किती पोती त्यांनी आयुष्यात तोंड वाकडं करून परत पाठवली होती.

गोळ्या आल्या, सोललेलं संत्रं आलं. दादांनी दोन्हीकडे पाठ फिरवली. लेकीने विनवलं, रागावली, पुन्हा विनवलं. दादा भिंतीकडे बघत म्हणाले, "बाईंची चूक होतेय. मी लग्नापासून हेच खातोय. हाच गहू, हीच पेज. त्यांच्या म्हणण्यात जीव असता तर मी कधीच मेलो असतो. मला तर कधी साधा ताप आला नाही."

डॉक्टरबाई जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, पूर्वी कुठूनतरी मिळत असणार. पण ते कुठून, हे दादांना दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही, जोखता येत नाही, त्याच्यापायी आयुष्यभराचं बोलणं गिळायला ते तयार नव्हते. बाई बरोबर असतील, तर त्या दोन बरण्या, तो तराजू, ती सगळी हसणारी गिऱ्हाइकं, हे काय होतं मग? औषध समोर असताना बाप हट्टाने मरतो की काय, या भीतीने लेक व्हरांड्यात गेली आणि तिने आत्याला फोन लावला.

छोटी दुपारी आली. गाडा तसाच ताडपत्रीखाली झाकून आली होती, भर दिवसा तो ती कधीच झाकत नसे. हातात झाकणाचा डबा. दादांना तिची पावलं ओळखू आली, पण ते वळले नाहीत. तिने स्टूल ओढलं. भावाचा उघडा पाय तिला दिसला आणि ती एकदम थांबली. घोट्यापासून मांडीपर्यंत पाय जांभळ्या-काळ्या डागांनी भरला होता, गाड्यावर राहून राहून बाद झालेल्या फळासारखा. अशी फळं ती रोज संध्याकाळी निवडून बाजूला टाकायची.

"मी संत्रं पाठवायचं बंद केलं," ती म्हणाली.

"पाठवलं असतंस तरी मी वाळवलंच असतं," दादा भिंतीला म्हणाले.

छोटीने चादर त्यांच्या पायावर ओढली. मग लेकीने आत्याला बाबांचं म्हणणं सांगितलं: लग्नापासून हेच खातोय आणि कधी आजारी पडलो नाही, म्हणून बाई चुकतायत.

छोटीच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. तिने पदराने कपाळ पुसलं.

"दादा, वहिनी रोज माझ्याकडून लिंबू न्यायची."

दादा वळले.

"रोज. दुपारी तू दगडाला टाकी लावत बसायचास किंवा डुलकी काढायचास, तेव्हा. ताडपत्रीच्या खांबाआड तिच्यासाठी एक वेगळं ठेवलेलं असायचं. पेज चुलीवरून उतरवली की वरून पिळायची. तुझ्या पेजेत लिंबू आहे हे तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने मला."

"का?" दादांनी विचारलं.

"मीही विचारलं होतं. म्हणाली, पहिल्यांदा पिळलं ते सहज, लग्नानंतर लगेच. तुला आवडलं. तू सगळ्यांना सांगत सुटलास, बघा नुसत्या गव्हाला काय चव असते. मग तिला सांगवेना. म्हणाली, माणूस एवढा खूश आहे, एका लिंबाने कशाला त्याचा विरस करा." छोटीने नाक ओढलं. "मला काय माहीत दादा, त्याच्यावर तू जिवंत होतास. मला वाटायचं आम्ही दोघी तुझी गंमत करतोय. ती गेल्यावर सांगणार होते. मग तू ते बोललास, मायेचं, आणि मी म्हटलं, मरू दे, नाही सांगत."

दादा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर गिरणीमागची खोली आली, चूल, पाठमोरी बायको. किती वर्षं ती पाठ त्यांनी पाहिली होती. ताट घेऊन वळण्याआधी ती क्षणभर तशीच थांबायची, खांदे किंचित आवळायची, आणि मग वळायची. त्यांना नेहमी वाटायचं, वाफेमुळे असेल.

छोटीने डब्याचं झाकण काढलं. पेज होती. दवाखान्यातला पाव त्यांना चावता येत नव्हता हे लेकीने फोनवर सांगितलं होतं. तिने कनवटीतून अर्धं लिंबू काढलं, पेजेवर पिळलं, चमच्याने ढवळलं आणि डबा पुढे केला. खा असंही म्हणाली नाही.

दादांनी एक चमचा तोंडात घातला.

हिरड्यांना झोंबलं. त्यांनी डोळे मिटले. मग चमचा तसाच हवेत राहिला. लेक घाबरून उठली, बाबा दुखतंय का म्हणून. त्यांनी मान हलवली. दुखत नव्हतं. ती चव परत आली होती. मीठ कमीजास्त करून, गहू भाजून, हिवाळाभर जी शोधली आणि जी जिभेवरून मेली असं समजून सोडून दिली, ती चव इथे दवाखान्याच्या खाटेवर, एका चमच्यात बसली होती. ते ज्याला दुःख समजत होते ते निम्मं लिंबू होतं. किंवा ज्याला लिंबू म्हणायचं तेच निम्मं दुःख होतं. त्यांना ठरवता येईना.

"ही तिची पेज आहे," ते म्हणाले.

त्यांनी डबा संपवला. मग न सांगता गोळीही घेतली.

डॉक्टरबाईंचं निदान खरं ठरलं. दोन दिवसांत हिरड्यांचं रक्त थांबलं, मग हळूहळू डाग हिरवे होऊन पिवळे झाले, व्रण कडेकडेने पुन्हा मिटत आला. तरुण डॉक्टर रोज स्वतः येऊन बघायचा आणि दादांनी त्याला गव्हाच्या जाती समजावून सांगितल्या.

घरी आल्यावर त्यांनी लगेच गिरणी सुरू केली नाही. आधी फळीवरची काळी बरणी उतरवली, तिच्यात हात घातला, एक टिकली काढून हुंगली. काही वास आला नाही. बरणी धुवून पालथी घातली. गव्हाच्या बरणीतले दोन मुठी गहू काढून त्यांनी वाटीत भिजत घातले आणि झाकण ठेवलं. स्वतःच्याच घरात चोरी करत असल्यासारखे ते आजूबाजूला बघत होते.

मग ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले. इतक्या वर्षांत छोटीच्या गाड्यापर्यंत ते स्वतः असे किती वेळा आले असतील? तीच येत असे.

"कुठे ठेवायचीस?" त्यांनी विचारलं.

छोटीने ताडपत्रीच्या खांबाकडे बोट केलं. त्याच्या मागे भिंतीत एक लहानसा कोनाडा होता. दादा खांबाआड जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी गिरणीकडे पाहिलं. गिरणीचं दार दिसत होतं, पट्टा दिसत होता, तराजूही दिसत होता. फक्त ज्या पोत्यावर ते बसायचे, तेवढीच जागा खांबाने झाकली जात होती.

त्यांनी खांबावर हात ठेवला. बाईमाणसाच्या खांद्याच्या उंचीवर तो टेकून टेकून गुळगुळीत झाला होता.

"छोटे," ते म्हणाले, "एक लिंबू दे." आणि ती चांगलं निवडायला लागली तेव्हा म्हणाले, "आणि संत्रं पण. वाळवणार नाही."

"वाळवून तर बघ," छोटी म्हणाली.